उवांच्या पेटीपासून हॅट मिडियमपर्यंत : ल्वूव्हचे वात्सवाफ शिबाल्स्की

हिरवाचाफा

मंडळी, गेली नऊ वर्षं मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मोनोक्लोनल अँटिबॉडी (एकाच पेशीच्या वंशातून येणारी, एकाच प्रकारची प्रतिपिंडं) बनवायचं काम करते. आमच्या फ्रीजमध्ये एक बाटली कायम असते, तिच्यावर तीन अक्षरं : एच, ए, टी (हायपोझँथिन, अमिनोप्टेरिन, थायमिडिन). आम्ही तिला 'हॅट' म्हणतो. पन्नासपट तीव्र द्रावण येतं, ते मिडियममध्ये मिसळायचं आणि शहाण्णव वेलच्या प्लेटमध्ये पिपेटने सोडायचं. उंदराच्या प्लीहेतल्या पेशी आणि मायलोमाच्या, म्हणजे कर्करोगाच्या, पेशी यांचं फ्यूजन केलं (एकमेकींत जोडल्या) की पुढचे काही दिवस रोज सकाळी आधी प्लेट मायक्रोस्कोपखाली धरते, मग चहा. एकट्या राहिलेल्या मायलोमा पेशी पहिल्या दिवशी गोल, चकचकीत दिसतात. तिसऱ्या दिवशी कडा खरबरीत होतात, पोटात काळे ठिपके येतात. पाचव्या दिवशी नुसता चुरा. आणि आठ-दहा दिवसांनी त्याच चुऱ्यात एखाद्या वेलमध्ये द्राक्षाच्या घडासारखा पुंजका दिसतो. तो जोडपेशींचा, म्हणजे हायब्रिडोमाचा.

१९७५ मध्ये क्योलर आणि मिलस्टाइन यांनी हे तंत्र आणलं, १९८४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण नको त्या पेशी मारायची ही युक्ती मुळात कुणाची? मागच्या महिन्यात नव्या मुलीला शिकवताना तिने मला हेच विचारलं आणि मला सांगता आलं नाही. म्हणून वाचायला बसले आणि पोलिश विज्ञानाची जी गोष्ट सापडली ती इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

१९६२. अमेरिकेतलं विस्कॉन्सिन विद्यापीठ, मॅडिसन. एलिझाबेथ शिबाल्स्का आणि वात्सवाफ शिबाल्स्की, पत्नी आणि पती, यांचा शोधनिबंध. माणसाच्या पेशीला बाहेरून डीएनए दिला तर तिचा गुणधर्म बदलतो आणि तो बदल पुढच्या पिढ्यांत उतरतो, हे त्यांनी दाखवलं. जिवाणूंच्या बाबतीत एव्हरी, मॅक्लाउड आणि मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये हे सिद्ध केलं होतं. माणसाच्या पेशीत प्रथमच.

युक्ती अशी. पेशीला डीएनए बांधायला प्युरिन नावाचे घटक लागतात. ते मिळवायच्या तिच्याकडे दोन वाटा असतात. एक म्हणजे नव्याने तयार करणे. दुसरी म्हणजे जुन्या डीएनएच्या मोडतोडीतून आलेलं वापरणे. वाडा बांधायचा तर भट्टीतून नव्या विटा आणा, नाहीतर पाडलेल्या वाड्याच्या विटा वापरा, तसंच. अमिनोप्टेरिन ही भट्टी बंद करतं. हायपोझँथिन म्हणजे जुन्या विटांचा ढीग. तो उचलायला एचजीपीआरटी नावाचं एंझाइम लागतं. अमिनोप्टेरिनमुळे थायमिडिनचाही पुरवठा तुटतो, म्हणून थायमिडिन वरून घालायचं. आता ज्या पेशीत ते एंझाइम नाही तिला दोन्ही वाटा बंद, ती मरणार. ज्या पेशीला एंझाइमचं जनुक मिळालं तीच जगणार.

शिबाल्स्की दांपत्याने आधी एंझाइम नसलेल्या पेशी निवडून काढल्या. त्यासाठी ८-अझाग्वानिन हे विष वापरलं, कारण ते विष पेशीला त्याच एंझाइममुळे बाधतं. एंझाइम असलेल्या पेशी मेल्या, नसलेल्या उरल्या. मग त्या उरलेल्यांना साध्या पेशींचा डीएनए दिला, सोबत स्पर्मिन हे डीएनए आत जायला मदत करणारं रसायन, आणि हॅटच्या मिडियममध्ये ठेवलं. वसाहती उगवल्या! डीएनए कापणारं एंझाइम आधी घातलं की एकही उगवत नव्हती. लाखो पेशींतून बदललेल्या मोजक्या तेवढ्या वेचून काढणारी ही चाळणी त्यांनी त्या प्रयोगासाठी घडवली. पुढे १९६४ मध्ये लिटलफील्ड यांनी ती पेशींच्या संकरासाठी वापरली, आणि तिथून ती आमच्या फ्रीजपर्यंत आली.

त्या पेशींत नसलेलं एंझाइम माणसांतही नसू शकतं. १९६४ मध्ये लेश आणि नायहन यांनी एका आजाराचं वर्णन केलं, त्यात मुलं स्वतःचे ओठ, बोटं चावतात. १९६७ मध्ये कळलं की त्या मुलांत एचजीपीआरटी नसतं. मॅडिसनच्या प्लेटमध्ये जी उणीव डीएनए देऊन भरून काढली होती, तीच ही. शिबाल्स्कींना जीन थेरपीचे आद्य पुरुष म्हणतात ते यामुळे.

पण मला खरं लिहायचंय ते त्याच्या वीस वर्षं आधीचं. हे शिबाल्स्की १९२१ मध्ये ल्वूव्ह शहरात जन्मले. तेव्हाचं पोलंड, आताचं युक्रेनमधलं ल्विव्ह. जर्मनांच्या ताब्यातल्या त्या शहरात विशी-बाविशीचा हा रसायनशास्त्राचा विद्यार्थी माणसांच्या पायांवर उवांच्या पेट्या बांधून घेणाऱ्या एका गटाचा प्रमुख होता.

टायफसची लस बनवणारे रुडॉल्फ वायग्ल यांची ती संस्था. (टायफॉइड नव्हे. टायफस अंगावरच्या उवांमुळे पसरतो.) टायफसचा जंतू जिवंत पेशीच्या बाहेर वाढत नाही, जिवाणू वाढवायच्या साध्या आगारवर (जेलीवर) तर नाहीच. म्हणून वायग्लनी ऊ हीच प्रयोगशाळेतली पेट्री डिश केली. ऊ चिमट्यात धरायची आणि मायक्रोस्कोपखाली केसासारख्या बारीक काचेच्या नळीने तिच्या गुदद्वारातून जंतू आत सोडायचे. काही दिवस तिला माणसाच्या रक्तावर जगवायचं, मग आतडं काढून फिनॉलमध्ये वाटायचं. झाली लस.

या उवा वाढवायला रक्त हवं, आणि ते माणसाचंच. काड्यापेटीएवढ्या लाकडी पेट्या, एका बाजूला बारीक जाळी. एकेका पेटीत काहीशे उवा. अशा सात-आठ पेट्या रबरी पट्ट्याने पोटरीला किंवा मांडीला बांधायच्या आणि पाऊण तास बसायचं. जाळीतून डोकं बाहेर काढून उवा रक्त पितात. वेळ जास्त झाला तर पोट फुटून मरतात, म्हणून गटप्रमुखाने घड्याळावर नजर ठेवायची. शिबाल्स्की हे करत होते.

जमेल तसं पुढचंही लिहीन. तुम्हाला माहीत असेल ते जोडा.

---

गणितवेडा

ताई, एक नाव राहिलं! त्या पेट्या बांधून बसणाऱ्यांत गणिती स्टेफान बानाख होते. ज्यांच्या नावाची बानाख स्पेस आम्ही एमएस्सीला शिकलो ते बानाख. १९४१ पासून जर्मन जाईपर्यंत त्यांनी उवांना रक्त पाजलं. माझ्या माहितीप्रमाणे शिबाल्स्कींच्याच गटात. १९४५ च्या ऑगस्टमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले, वय ५३.

फंक्शनल अॅनालिसिसच्या तासाला आम्हाला हे कुणी सांगितलं नव्हतं. प्रमेयावर फक्त नाव होतं.

---

हिरवाचाफा

बरोबर, शिबाल्स्कींनी स्वतःच नंतर त्याबद्दल लिहिलंय. गटात गणिती बरेच होते. बसल्या जागी गप्पा गणिताच्याच चालायच्या.

हे लोक तिथे का बसत होते ते सांगायला हवं. जुलै १९४१ मध्ये जर्मनांनी ल्वूव्हच्या प्राध्यापकांना रातोरात घरांतून उचललं आणि टेकडीवर नेऊन गोळ्या घातल्या. त्यानंतर शिकल्यासवरल्या माणसाला रस्त्यात कधी पकडून नेतील याचा भरवसा नव्हता. जर्मन सैन्याला लस हवी होती आणि गस्तीच्या शिपायांना टायफसची भीती होती. वायग्ल संस्थेचं ओळखपत्र दाखवलं की ते हात लावत नसत. शिवाय जास्तीचं रेशन. वायग्लनी कोण जगायला हवं हे बघून माणसं भरती केली.

---

प्रश्नचिन्ह

लेख चांगला आहे, पण दोन शंका.

१) वायग्ल जन्माने मोरावियातल्या जर्मन-ऑस्ट्रियन घरातले. शिबाल्स्कींचं नाव झालं ते अमेरिकेत. शहर आज युक्रेनचं. मग याला 'पोलिश' विज्ञान कसं म्हणायचं?

२) लस जर्मन सैन्याला जात होती. म्हणजे हे सगळे हिटलरच्या फौजेची सेवा करत होते. याकडे कसं बघायचं?

---

विस्तुलाकाठी

वॉर्सात बारा वर्षं राहतोय, म्हणून लिहितो.

पहिल्या शंकेबद्दल. जर्मनांनी वायग्लना जर्मन वंशाच्या यादीत सही करायला सांगितलं होतं. ते जन्माने त्या यादीत बसत होते आणि सही केली असती तर आयुष्य सोपं झालं असतं. त्यांनी नाही केली. आपण पोलिश आहोत असं त्यांनी ठरवलं होतं, यापुढे आपण काय ठरवणार? ल्वूव्हचं म्हणाल तर युद्धानंतर सीमा सरकली, तेव्हा तिथले बरेच प्राध्यापक पश्चिमेकडे व्रोत्स्वाफला गेले. शिबाल्स्की ग्दान्स्कला गेले, १९४९ मध्ये तिथून डॉक्टरेट घेतली. शेवटपर्यंत स्वतःला ल्वूव्हचा म्हणवत होते.

दुसऱ्या शंकेबद्दल. लस सैन्याला जात होती हे खरं. तिथूनच ती लपवून बाहेरही जात होती, वॉर्साच्या गेट्टोपर्यंत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीपर्यंत. टायफसने गेट्टोत रोज माणसं मरत होती. २००३ मध्ये इस्रायलने वायग्लना ज्यूंना वाचवणाऱ्या बिगरज्यूंसाठीचा सन्मान मरणोत्तर दिला. मला वाटतं त्यात उत्तर आहे.

उच्चारांबद्दल थोडं. पोलिशमध्ये आडव्या रेघेचा एल हा 'व' असतो, म्हणून वात्सवाफ. आणि स्वोनिम्स्की, ज्यांच्याबद्दल मला मुळात लिहायचं होतं.

प्योत्र स्वोनिम्स्की, जन्म १९२२, वॉर्सा. जर्मनांनी विद्यापीठं बंद केली होती, तेव्हा हे लपूनछपून चालणाऱ्या विद्यापीठात वैद्यक शिकले. १९४४ मध्ये वॉर्सात जर्मनांविरुद्ध झालेल्या उठावात लढले. १९४७ मध्ये फ्रान्सला गेले आणि आनुवंशशास्त्रज्ञ बोरिस एफ्रुसी यांच्याकडे यीस्टवर काम सुरू केलं. एफ्रुसींना यीस्टच्या काही वसाहती बारक्या राहताना दिसत. फ्रेंचमध्ये 'पतीत', म्हणजे छोटी. हा बारकेपणा मेंडेलच्या नियमाने उतरत नव्हता. त्या पेशींत श्वसनाची एंझाइमं नसतात हे स्वोनिम्स्कींनी दाखवलं. पेशीच्या केंद्रकाबाहेर, मायटोकाँड्रियात, स्वतंत्र जनुकं असतात या कल्पनेचा पाया इथे आहे. आज आईकडून येणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या आजारांच्या तपासण्या होतात, त्याची सुरुवात या बारक्या वसाहतींत शोधावी लागते.

पुढे १९८० मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने आणखी एक गोष्ट दाखवली, ती मला फार सुंदर वाटते. मायटोकाँड्रियाच्या एका जनुकात मधे एक तुकडा असतो, जो शेवटी कापून टाकला जातो, इंट्रॉन. कापायचं काम करणारं प्रथिन त्याच तुकड्यात लिहिलेलं निघालं. त्याला त्यांनी 'मॅच्युरेज' नाव दिलं. कापून झालं की ती लिखावटही जाते, त्यामुळे ते प्रथिन आपोआप कमी होतं.

---

कृष्णाकाठ

आमच्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती हे इथे बऱ्याच जणांना माहीत असेल. जवळजवळ पाच हजार माणसं, जास्त करून बायका-मुलं. त्यांतले पुष्कळ लोक पूर्व पोलंडचे, म्हणजे ल्वूव्हच्याच बाजूचे. जर्मनांच्या आधी तिथे रशियन आले होते, त्यांनी १९४०-४१ मध्ये यांना गाड्यांत भरून सायबेरियाला पाठवलं होतं. माझी आजी त्या छावणीत दूध घालायची.

म्हणजे आजी वळिवड्याला दूध मापत होती तेव्हा त्यांच्या गावाकडे बानाख पायाला पेट्या बांधून बसले होते. धागा वाचल्यावर दोन्ही गोष्टी पहिल्यांदाच एकत्र डोळ्यांसमोर आल्या. हिरवाचाफाताई, मनापासून आभार. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

---

रक्तबिंदू

पॅथॉलॉजिस्ट आहे. धाग्यात लुडविक हिर्शफेल्ड यांचं नाव यायला हवं. रक्तगट आनुवंशिक असतात आणि मेंडेलच्या नियमाने उतरतात हे त्यांनी फॉन डुंगर्न यांच्यासोबत हायडेलबर्गला १९१० मध्ये दाखवलं. ए, बी, ओ ही नामपद्धतही याच दोघांनी रूढ केली. एखाद्या रेणूच्या अंगाने माणसाची आनुवंशिकता मोजायचा हा पहिला मोठा प्रयत्न, म्हणून मी त्यांना या इतिहासाच्या दारात बसवतो.

आणि आपला थेट संबंध. पहिल्या महायुद्धात ते आणि पत्नी हान्ना, दोघंही डॉक्टर, सालोनिकाच्या आघाडीवर होते. तिथे दोस्त राष्ट्रांच्या फौजा गोळा झालेल्या. त्यांनी सोळा गटांतल्या आठेक हजार माणसांचं रक्त तपासलं. बहुतेक गटांतून पाचशे माणसं, भारतीय मात्र एक हजार. युरोपात ए जास्त आणि भारतीय सैनिकांत बी जास्त, असं निघालं. १९१९ च्या 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. यावरून बी गट भारतात उगम पावला असावा असा अंदाज त्यांनी केला. तो अंदाज टिकला नाही, पण लोकसमूहांतलं जनुकांचं प्रमाण मोजायची पद्धत टिकली. ब्लड बँकेत रोज बी पॉझिटिव्हच्या पिशव्या सर्वांत जास्त हाताळतो, तेव्हा मला ते हजार शिपाई आठवतात. कुठल्या गावचे होते कुणास ठाऊक.

हिर्शफेल्ड पुढे वॉर्सा गेट्टोत अडकले. तिथेही तरुणांना वैद्यक शिकवत राहिले, मग निसटले. युद्धानंतर व्रोत्स्वाफला गेले, १९५४ मध्ये वारले.

---

संशयी

शिबाल्स्कींच्या प्रयोगाबद्दल एक तांत्रिक मुद्दा. त्यांनी वापरलेला डी९८ हा पेशीवंश अस्थिमज्जेचा समजला जात होता. नंतर तो हेला निघाला, म्हणजे हेन्रिएटा लॅक्स यांच्या गाठीतल्या पेशींनी मूळ पेशींना कधीच हटवलं होतं. मग त्या प्रयोगाची किंमत काय राहिली?

---

हिरवाचाफा

संशयी, मुद्दा बिनतोड आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. त्या काळातल्या कितीतरी पेशीवंशांची हीच कथा. पण निष्कर्षाला धक्का लागत नाही असं मला वाटतं. 'माणसाच्या पेशीला डीएनए दिला तर गुण बदलतो' हा दावा होता, आणि हेला माणसाच्याच पेशी आहेत. 'अस्थिमज्जा' हे लेबल तेवढं चुकीचं. डीएनए कापणाऱ्या एंझाइमचा कंट्रोल आणि एंझाइम नसलेल्या पेशींच्या डीएनएचा कंट्रोल, दोन्ही त्यांनी केले होते.

खरी अडचण वेगळी होती. तेव्हा जनुक वेगळं काढता येत नव्हतं. अख्ख्या पेशीचा डीएनए ओतायचा आणि त्यातला हवा तो तुकडा आत जाईल याची वाट बघायची. यश फार कमी पेशींत. १९७३ मध्ये ग्रॅहम आणि फान डर एब यांनी पेशीत डीएनए घालायची कॅल्शियम फॉस्फेटची रीत आणली, मग रिकॉम्बिनंट डीएनए (जनुकं कापून जोडायचं तंत्र) आला, तेव्हा कुठे हे रोजचं काम झालं. तोवर १९६२ चा निबंध मागे पडला होता.

---

सईबाई

या धाग्यात सगळे 'शिबाल्स्कींचा प्रयोग' म्हणताय. मूळ लेखात ताईंनी लिहिलंय तसं निबंधावर पहिलं नाव एलिझाबेथ शिबाल्स्का यांचं आहे. आमच्या क्षेत्रात पहिलं नाव म्हणजे प्रयोग हाताने करणारी व्यक्ती. पोलिशमध्ये बाईचं आडनाव 'स्का' होतं, त्यामुळे नाव शोधताना दोन वेगळी माणसं वाटतात आणि बाई गळतात. ताई, शीर्षकातसुद्धा त्या नाहीत.

---

हिरवाचाफा

सईबाई, अगदी खरं. माहेरचं नाव एलिझाबेथ हंटर. शीर्षक आता बदलता येत नाही, पण आमच्या नव्या मुलीला सांगताना त्यांचं नाव आधी सांगितलं.

---

प्रश्नचिन्ह

विस्तुलाकाठी, उत्तर पटलं. आता खरोखर जाणून घ्यायचंय : सगळे बाहेरच का गेले? युद्ध संपल्यावर पोलंडमध्ये काहीच झालं नाही?

---

विस्तुलाकाठी

युद्ध संपलं आणि लिसेंको आला, म्हणजे मेंडेलला न मानणाऱ्या सोव्हिएत लिसेंकोची शिकवण. १९४८ मध्ये मॉस्कोत मेंडेलचं आनुवंशशास्त्र बुर्झ्वा ठरवलं गेलं आणि ते लोण इथेही आलं. १९५६ पर्यंत विद्यापीठांत जनुक शिकवणं अवघड होतं. जगात डबल हेलिक्स सापडला तो नेमका याच काळात! वात्सवाफ गायेव्स्की यांनी लिसेंको शिकवायला नकार दिला आणि वातावरण निवळल्यावर वॉर्सा विद्यापीठात आनुवंशशास्त्र पुन्हा उभं केलं. इथले आजचे पन्नाशी-साठीतले प्राध्यापक त्यांच्या विद्यार्थ्यांचे विद्यार्थी आहेत.

आणि एक माणूस उलट्या दिशेने आला. डेव्हिड शुगर, जन्म १९१५, पोलंडमधल्या छोट्या गावात, वाढले कॅनडात. मॅकगिलमधून भौतिकशास्त्राची डॉक्टरेट. युद्धानंतर कॅनडात हेरगिरीच्या आरोपांची लाट आली, त्यात त्यांच्यावर खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. १९५२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लेओपोल्ड इन्फेल्ड यांच्या बोलावण्यावरून वॉर्साला आले. अतिनील किरणांनी न्यूक्लिक अॅसिडच्या घटकांत काय बदल होतात यावर काम केलं आणि इथलं जीवभौतिकशास्त्र उभं केलं. २०१५ मध्ये वयाच्या शंभराव्या वर्षी वॉर्सातच गेले.

ल्वूव्हचं आणखी एक नाव : याकुब पार्नास. बारावीला ग्लायकोलिसिस शिकताना 'ईएमपी पाथवे' असतो ना, त्यातला 'पी'. १९४९ मध्ये मॉस्कोत अटक झाली आणि कोठडीतच गेले.

---

जर्नलवाले_सर

बीएस्सीला मायक्रोबायॉलॉजी शिकवतो. इतके दिवस वाचत होतो, आज लिहितो, कारण कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. शिबाल्स्कींची एक गोष्ट आपल्याकडची मुलं दर वर्षी हाताने करतात : ग्रेडियंट प्लेट. १९५१ च्या सुमारास ते कोल्ड स्प्रिंग हार्बरला आले. वॉटसननी १९५३ च्या जूनमध्ये डबल हेलिक्स जिथे मांडला तीच जागा. तिथे व्हर्नन ब्रायसन यांच्यासोबत अँटिबायोटिकला न जुमानणाऱ्या जिवाणूंवर काम करताना त्यांनी ही प्लेट आणली. १९५२ ची गोष्ट.

पेट्री डिशच्या एका कडेखाली पेन्सिल ठेवायची, म्हणजे डिश तिरकी होते. साधा आगार ओतायचा, तो पाचरीसारखा घट्ट होतो. पेन्सिल काढायची, डिश सपाट करायची आणि वर स्ट्रेप्टोमायसिन घातलेला आगार ओतायचा. जिथे खालचा थर जाड तिथे औषध पातळ होतं, जिथे खालचा थर पातळ तिथे औषध जास्त. एकाच प्लेटमध्ये शून्यापासून चढत जाणारी मात्रा! वर जिवाणू पसरले की कमी मात्रेच्या बाजूला दाट गवत, मधे विरळ, आणि जास्त मात्रेच्या टोकाला एखाददुसरी एकटी वसाहत. ती प्रतिरोधक.

वीस वर्षं हे प्रॅक्टिकल घेतोय. जर्नलमध्ये हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण लिहून घेतो. कुणाची पद्धत, हा रकानाच नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वर्षाच्या तीन बॅचेस आहेत.

---

हिरवाचाफा

सर, हे मला अजिबात माहीत नव्हतं! मी स्वतः कॉलेजात ही प्लेट केली आहे. आमच्या सरांनी पेन्सिलऐवजी काचेची कांडी दिली होती आणि ती घरंगळून माझा आगार झाकणाला लागला होता.

बॅचेस झाल्या की कळवा नक्की.

---

जर्नलवाले_सर

कळवायला आलोय. तिन्ही बॅचेसना सुरुवातीची दहा मिनिटं उवांच्या पेट्यांपासून सगळं सांगितलं. दोन मुली नंतर थांबून बानाखबद्दल विचारत होत्या, त्यांना गणित विभागात पाठवलं.

प्लेट्स अठ्ठेचाळीस तासांनी पाहिल्या. पहिल्या दोन बॅचच्या बऱ्याच प्लेट्सवर सीमारेषा सुरेख आली. तिसऱ्या बॅचच्या एका प्लेटवर स्ट्रेप्टोमायसिनच्या अगदी टोकाला, काठापासून बोटभर आत, तीन वसाहती आहेत. मुलांनी त्या सुईने उचलून जास्त मात्रेच्या दुसऱ्या ग्रेडियंट प्लेटवर रेघा ओढल्या आहेत. सोमवारी बघू.

जर्नलच्या पहिल्या पानावर आता 'पद्धत : वा. शिबाल्स्की, १९५२' अशी ओळ लिहून घेतली आहे.